बिलात नसलेली ओळ

दर महिन्याला विजेचे बिल आले की मी ते वाचतो. भरायची रक्कम आणि शेवटची तारीख तेवढी पाहून बिल दाराच्या खिळ्याला टोचणे वेगळे, आणि ते वाचणे वेगळे. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला आकड्यांचा कागद नुसता बाजूला ठेवता येत नाही. ‘कादंबरी असल्यासारखं काय वाचता ते?’ असे आमच्या घरात विचारले जाते. मी कादंबऱ्या लिहितो, त्या मात्र इतक्या बारकाईने कोणी वाचत नाही, हे मी बोलून दाखवत नाही. असो.

बिलात ओळी असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी हिशेब उभा असतो. खांब रोवून तारा ओढल्या त्याचा एक, कोळसा महागला त्याचा एक, सरकारचा एक. ज्याचे देणे लागते त्याची ओळ असते, असा आपला सरळ समज. पण एक ओळ मी कित्येक वर्षे शोधतो आहे आणि ती कधीच सापडलेली नाही. ती कोणती हे सांगायचे तर मला थोडे मागे, माझ्या लहानपणच्या कराडात जावे लागेल.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. प्रीतिसंगमावर आम्ही मुले संध्याकाळी खेळायला जात असू. आमचे वडील हायस्कूलात मास्तर होते. त्यांना कोयनेचा फार अभिमान. १९५४ च्या सुमारास धरणाचे काम सुरू झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ मध्ये पोफळीची पहिली यंत्रे फिरू लागली. वडिलांच्या मनात या तिन्ही गोष्टी एकाच गोष्टीचे तीन भाग होते. घरात दिवा लावला की ते कधीकधी ‘कोयनामाई आली’ म्हणायचे. आई देवघरात निरांजन लावायची आणि हे बाहेरच्या खोलीत बटण दाबायचे. मला त्या वयात दोन्ही दिवे सारखेच पवित्र वाटत.

११ डिसेंबर १९६७ चा सोमवार उजाडायचा होता. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. मी आठ वर्षांचा होतो. मला जाग आली ती फडताळातले पितळी डबे खाली कोसळले त्या आवाजाने. वडिलांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात आणले. दिवे गेले होते. गल्लीतली सगळी माणसे थंडीत उभी होती आणि कोणीतरी ओरडत होते, ‘धरण फुटलं, पाणी येतंय!’ त्या एका वाक्याने जी पळापळ झाली, ती भूकंपाने झाली नव्हती. लोक म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन उंचावर निघाले. पाणी आले नाही. धरण फुटले नव्हते.

कोयनानगरात आणि आसपासच्या खेड्यांत मात्र त्या पहाटे सुमारे दोनशे माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर पडली. धरणाच्या भिंतीच्या वरच्या भागाला आडव्या भेगा गेल्या, पण भिंत उभी राहिली. पुढे इंजिनिअरांनी त्या भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. तलावाच्या पाण्याच्या भारामुळे आणि ते खोल खडकांत मुरल्यामुळे हा भूकंप झाला का, यावर तेव्हापासून जगभर अभ्यास झाला. आज धरणाच्या पाण्याने चाळवलेल्या भूकंपांमधला सर्वांत मोठा म्हणून कोयनेचेच नाव शास्त्रज्ञ घेतात. त्या अभ्यासासाठी कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ मध्ये कोयनेच्या परिसरात जवळजवळ तीन किलोमीटर खोल विवर खणण्यात आले.

हे सांगतो आहे त्याचे कारण भूकंप नाही. भिंत तडकली तेव्हा काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. पैसा उभा राहिला, माणसे आली, टेकू बसले. हे अगदी योग्य झाले. त्या भिंतीखाली पाटण होते, कराड होते, आमचे घर होते. फक्त एवढेच लक्षात राहू द्या, की भिंतीचा हिशेब वेळेवर पूर्ण झाला.

आता या धरणाची करामत काय ते पाहू, कारण ती नीट कळल्याशिवाय पुढचा हिशेब कळायचा नाही. आपल्याकडच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगवून पूर्वेला वळतात. कोयना जरा हट्टी. महाबळेश्वरला निघते आणि डोंगररांगेच्या कडेकडेने सरळ दक्षिणेला धावते. हेळवाकजवळ तिला पूर्वेची आठवण होते आणि मग ती पाटणवरून कराडला येते. जिथे ती वळते त्याच्या आसपास तिला अडवले आहे. पलीकडे पश्चिमेला काही किलोमीटरवर डोंगर एकदम तुटतो आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली कोकण. म्हणजे पाण्याला पूर्वेला जाऊ न देता डोंगरातून बोगदा पाडून पश्चिमेला सोडायचे, कड्याच्या उंचीइतके खाली आपटायचे, त्यावर चक्रे फिरवायची आणि वीज घ्यायची. पाणी मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला. पोफळीचे वीजघर डोंगराच्या पोटात आहे. नंतर त्याच पाण्यावर खाली कोळकेवाडीला आणखी एक धरण बांधून पुन्हा वीज काढली. शेवटी चौथा टप्पा झाला, त्या वेळी तलाव रिकामा न करता तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला. १९९९ मध्ये एकदा आणि २०१२ मध्ये पुन्हा. सगळे मिळून आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. यातले १००० मेगावॅट एकट्या चौथ्या टप्प्याचे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कुंभार्ली घाट उतरून मी पोफळीचे ते वीजघर पाहून आलो. बोगद्यातून आत जाताना गार वारा आणि ओल, आणि मग एकदम देवळाच्या सभामंडपापेक्षा कितीतरी मोठी, झगझगीत उजेडाची गुहा. जमिनीतून पायांत शिरणारी थरथर. डोंगराच्या पोटात एवढे काही चालले आहे आणि वर गुरे चरताहेत, या विचाराने मी हरखून गेलो होतो. आजही त्या इंजिनिअरांविषयी मला आदरच आहे. आमच्या पिढीला तो असणारच.

तिथल्या एका तंत्रज्ञाने मला एक सोपे गणित सांगितले, ते मी अजून विसरलेलो नाही. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तेवढे पाणी पावणेपाचशे मीटर उंचीवरून खाली आले की साधारण एक युनिट, फार तर थोडी जास्त वीज मिळते. एक युनिट म्हणजे इस्त्री एक तास. टाकीभर पाणी, आख्खा कडा, आणि तासभर इस्त्री! मला ते ऐकून वीज एकदम महाग वाटू लागली. घरी येऊन मी दोन दिवस सगळ्यांच्या मागे लागून दिवे बंद करत होतो.

हे गणित पुढे नेऊ. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवता येते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ६७.५ टीएमसी म्हणजे हजार लिटरच्या सुमारे १९१ कोटी टाक्या. म्हणजे खालचे कोळकेवाडी सोडूनच दिले, तरी वर्षाला दोनशे कोटी युनिट सहज. बँकेची सवय अशी की येणे नेहमी कमी धरावे. म्हणून दोनशेच धरू. हा आकडा ध्यानात ठेवा, तो मला पुढे लागणार आहे.

आता त्या तलावाकडे. शिवसागर. मे महिन्यात महाबळेश्वरला जाणारी मंडळी तापोळ्याला उतरतात, बामणोलीपर्यंत होडीतून फिरतात, फोटो काढतात. जागा सुंदर आहे यात शंका नाही. पण होडी ज्या पाण्यावरून जाते त्या पाण्याखाली आणि त्याच्या काठाने गावे होती. धरणाने शंभराच्या आसपास गावांना हात लावला. भात आणि नाचणी पिकवणारी, डोंगरउताराची गावे. त्यातली काही माणसे काठावरच डोंगरात वर सरकली. बाकीच्यांना सरकारने जिथे जमीन दिसली तिथे पाठवले. कोणी सांगलीकडे, कोणी खाली कोकणात आणि ठाण्याकडे, कोणी पार सोलापूरकडे. या सोलापूरकडे गेलेल्यांशीच माझी गाठ पडायची होती.

१९८६ मध्ये माझी बदली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. मी शेतीकर्जाचे टेबल सांभाळत असे. शाखेपासून सातआठ किलोमीटरवर कोयनेहून आलेल्या लोकांची एक वस्ती होती. आजूबाजूचे लोक तिला ‘धरणवाल्यांची वस्ती’ म्हणत. तिथले एक म्हातारे एका दुपारी शाखेत आले. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. डोक्याला पागोटे, खांद्यावर घोंगडी. सोलापूरच्या एप्रिलमध्ये घोंगडी! नंतर लक्षात आले की तिच्या घडीत कागद होते.

‘सायेब, हिरीला कर्ज पायजे.’

मी बसायला सांगितले, चहा मागवला. कराडचा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला अवघडल्यासारखे झाले. मग ते बोलतच राहिले. त्यांच्या गावात पाऊस जूनला जो लागायचा तो दसऱ्यापर्यंत. घराला गवताची झडप बांधून माणसे आत. इथे आल्यावर पहिल्या वर्षी त्यांना काळी जमीन दाखवली आणि ज्वारी करा म्हणाले. आबांनी जन्मात ज्वारी पेरली नव्हती. ‘तिकडं पाऊस थांबंना म्हून नारळ फोडायचो. हिकडं पडंना म्हून फोडतोय,’ ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी कागद पाहिले. ताबापावती होती, दोन-तीन अर्जांच्या पोचा होत्या, कचेरीचे एक जुने पत्र होते. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र त्यांचे नाव नव्हते. चार एकर जमीन ते वीसेक वर्षे कसत होते आणि उतारा सरकारच्याच नावाचा होता. फेरफार झालेला नव्हता. का, तर मूळ गावातली नोंद जुळत नव्हती. आणि ते मूळ गाव तर पाण्याखाली.

बँकेचा नियम स्वच्छ होता. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या विहिरीला मध्यम मुदतीचे कर्ज देता येत नाही. बोजा चढवायचा कशावर? मी त्यांना समजावून सांगितले. तलाठ्याकडे जा, तहसीलदारांकडे जा, नाव लागले की या, मी स्वतः प्रकरण करतो. आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग कागद पुन्हा घोंगडीच्या घडीत घालता घालता म्हणाले, ‘बुडवताना कागूद मागितला न्हाई, सायेब. आता वर याचं म्हटलं तर मागताय.’

ते रागावून म्हणाले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी चहाबद्दल आभार मानले आणि गेले. अर्जावर मी शेरा लिहिला, ‘मालकी हक्काचा पुरावा नाही. नामंजूर.’ खाली सही केली. सही माझी आहे, आणि ती नियमाप्रमाणे आहे. पुढे किती लेखांत, किती भाषणांत मी व्यवस्थेला नावे ठेवली असतील. त्या व्यवस्थेच्या एका कागदावर ती सही आहे हे मला माहीत असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वस्तीत तेव्हा विजेचे खांब आले होते. तारा यायच्या होत्या.

हे वाचून काही वाचकांना वाटेल, म्हाताऱ्याची गोष्ट सांगून हे गृहस्थ आता धरणे नकोत म्हणणार. मी तसे म्हणणार नाही. कोयनेच्या विजेवर माझा अभ्यास झाला, मुंबई-ठाण्याचे कारखाने चालले, विहिरींवर मोटारी बसल्या, लाखो घरांत पोळ्या भाजणारी बाई चिमणीच्या धुरातून सुटली. १९२१ मध्ये मुळशीला सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. कोयनेची तशी नव्हती. ती आपल्या सगळ्यांची होती. आणि म्हणूनच तिचे देणेही आपल्या सगळ्यांचे.

शिवाय कोयनेचे मोल आज कमी झालेले नाही, वाढले आहे. दिवसा आता सूर्यावर वीज होते. पण सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, दूरचित्रवाणी, मिक्सर सगळे एकदम चालू होते. कोळशाचे वीजघर असे चुटकीसरशी वरखाली करता येत नाही. कोयनेचे दार उघडले की काही मिनिटांत वीज मिळते. तुम्ही संध्याकाळी सातला बटण दाबता आणि दिवा न मिचकता लागतो, त्या न मिचकण्यात त्या डोंगरातल्या पाण्याचा वाटा असतो.

बँकेत एक खाते असते. त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. एखादी रक्कम आली, पण ती कोणाच्या खात्याची हे त्या क्षणी ठरत नाही, किंवा एखादी जबाबदारी कोणावर टाकायची ते कळत नाही, की ती तात्पुरती तिथे ठेवायची. तात्पुरती हा शब्द महत्त्वाचा. तपासनीस शाखेत आला की पहिल्याच दिवशी सस्पेन्सची वही मागतो. सहा महिन्यांपूर्वीची नोंद अजून तिथेच दिसली तर मॅनेजरची खैर नसे. आमच्या एका वरिष्ठांचे म्हणणे असे, की शाखा कशी आहे हे नफ्यावरून कळत नाही, सस्पेन्सवरून कळते.

कोयनेची माणसे महाराष्ट्राच्या सस्पेन्स खात्यात आहेत. तिथे त्यांना साठ वर्षांहून अधिक काळ झाला. पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्याने केला तो १९७६ मध्ये, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले. पण कोयना त्या सगळ्यांच्या आधीची. कायदा नव्हता म्हणून तेव्हा मिळाले नाही, आणि प्रकरण जुने म्हणून नंतर मिळाले नाही. डोंगरात वर सरकून राहिलेल्यांची कथा आणखी वेगळी. १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघ वाचलाच पाहिजे. पण आधी पाण्यासाठी सरका आणि मग वाघासाठी जपून राहा, हे एकाच माणसाला सांगितले गेले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, तेव्हा कोयनाकाठची नावे पुन्हा एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. चार दिवस होती.

२०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्त पुन्हा ठिय्या देऊन बसले. मागण्या काय होत्या? जमीन द्या, दिली असेल तर नाव लावा. म्हणजे आबांनी घोंगडीच्या घडीत घालून आणलेलीच मागणी. तेव्हा आंदोलनात बसलेल्यांत नातवंडे होती. कर्ज थकले की आम्ही वारसांना नोटीस काढायचो. इथे सरकारचे देणे थकले आहे आणि वारसच नोटीस घेऊन बसले आहेत.

मग करायचे काय? भावना बाजूला ठेवून मी एक साधा प्रस्ताव मांडतो.

केंद्र सरकारच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात एक तत्त्व मान्य झालेले आहे. नव्या जलविद्युत प्रकल्पातली १२ टक्के वीज ज्या राज्यात धरण त्या राज्याला मोफत. त्यावर आणखी १ टक्का स्थानिक विकास निधीसाठी. आणि बाधित होणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दहा वर्षे महिन्याला १०० युनिट. म्हणजे ज्याचे गाव गेले त्याचा विजेत वाटा असतो, ही दया नव्हे, हा व्यवहार आहे, हे सरकारने कागदावर मान्य केले. फक्त नव्या प्रकल्पांना. माझे म्हणणे इतकेच, की जे नव्याला न्याय्य ते जुन्याला अन्याय्य कसे?

कोयनेच्या प्रत्येक युनिटामागे पाच पैसे काढा. मघाचे दोनशे कोटी युनिट आठवा. वर्षाला दहा कोटी रुपये होतात. ही रक्कम फार मोठी नाही, एखाद्या शहरातल्या उड्डाणपुलाच्या मानाने तर काहीच नाही. पण ती दर वर्षी येणारी आहे, कोणाच्या मर्जीवर नाही, अर्थसंकल्पात कोणी कात्री लावली म्हणून थांबणारी नाही. त्यातून पहिले काम एकच करावे. प्रत्येक वस्तीवर मोजणीदार, तलाठी आणि अभिलेखाचा माणूस एकत्र पाठवून नोंदी पूर्ण कराव्यात. जमीन वाटण्यासाठी जमीन लागते, तिचा तुटवडा आहे, हे मी समजू शकतो. पण जी जमीन तीन पिढ्या कसली जाते आहे तिच्या उताऱ्यावर नाव लावायला जमीन लागत नाही, शाई लागते. बुडालेल्या गावाची नोंद सापडत नाही म्हणून माणसाला फिरवायचे, तर गाव कोणी बुडवले हा प्रश्न नोंदवहीलाही विचारावा लागेल. आणि हे पाच पैसे बिलावर स्वतंत्र ओळीत दाखवावेत. ‘कोयना धरणग्रस्त निधी.’ लोक कुरकुरतील असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. इंधन समायोजन आकार म्हणजे काय हे न कळता आपण तो मुकाट भरतो. हे तर कळण्यासारखे आहे.

ही घाई आताच का, असेही कोणी विचारील. गेल्या काही वर्षांत राज्य सरकारने सह्याद्रीच्या पट्ट्यात उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे पुष्कळ करार केले आहेत. वर एक तलाव, खाली एक तलाव. दिवसा सूर्याच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे. कल्पना उत्तम आहे, काळाची गरजही असेल. पण वरच्या आणि खालच्या तलावाच्या जागी आज काहीतरी आहे. कोणाचे शेत, कोणाची देवराई, कोणाचा चौथरा. जुने खाते मिटवल्याशिवाय त्याच गिऱ्हाइकाच्या दारात नवा अर्ज घेऊन जाणारा बँकेत टिकला नसता.

दोन वर्षांपूर्वी एका साहित्यविषयक कार्यक्रमासाठी सोलापूरकडे जाणे झाले. एक दुपार मोकळी होती. मी गाडीवाल्याला त्या वस्तीकडे घ्यायला सांगितले. वस्ती ओळखू येईना. सिमेंटची घरे, दुचाक्या, छपरांवर तबकड्या. आबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचा नातू भेटला, चाळिशीचा. मी कोण ते सांगितले. ‘बँकेतले कराडचे साहेब? आजोबा नाव काढायचे,’ तो म्हणाला. काय म्हणून काढायचे हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

तो उजळणी केल्यासारखे सांगत होता. चारपैकी दोन एकरांवर नाव लागले, आबा गेल्यानंतर. उरलेल्या दोन एकरांचे प्रकरण अजून चालू आहे. विहीर? ती नाव लागलेल्या दोन एकरांत पडली, दुसऱ्या कुठल्या बँकेच्या कर्जातून. पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरते. मग आतून त्याने प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि कागद माझ्यापुढे पसरले. ताबापावती मी ओळखली. घड्यांवर फाटून ती आता चिकटपट्टीने जोडलेली होती. ‘काका, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कळेल. यात काय राहिलंय ते बघा ना.’

मी चष्मा लावला आणि एकेक कागद वाचू लागलो. त्यात चुकून विजेचे एक बिल आले होते, गेल्याच महिन्याचे. सवयीने मी तेही वाचले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. वर ग्राहकाचे नाव छापलेले होते. नातवाचे नव्हते, त्याच्या वडिलांचेही नव्हते. आबांचे होते, नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे पूर्ण आणि एकही चूक नसलेले.

‘हे यातलं नाही,’ मी म्हणालो, आणि बिल त्याच्या हातात दिले.

‘हो, ते भरलंय,’ तो म्हणाला.